जुने हँडहेल्ड जेआरपीजी खेळायचेत? मग सुरुवात अशी करा

जुन्या हँडहेल्ड जेआरपीजींकडे (हातात धरायच्या मशीनवरच्या जपानी रोल-प्लेइंग गेम्सकडे) वळणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी भीती वाटते ती वेळेची. चाळीस-पन्नास तासांचा गेम म्हणे, एवढा वेळ आणायचा कुठून! मग तो सुट्टीची वाट बघतो, सुट्टी आली की एका दमात पाच-सहा तास खेळतो, डोकं जड होतं, आणि तो गेम नंतर कायमचा बाजूला पडतो. माझं स्पष्ट मत आहे की हे गेम असे खेळायचेच नसतात. बनवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की खेळणारा मधेच उठणार, कोणीतरी हाक मारणार, सेल संपणार, आणि त्यांनी अख्खी रचनाच त्या हिशोबाने केली. तुम्हीपण रोज वीस-पंचवीस मिनिटं काढलीत तरी भरपूर झालं.

हे मी उगाच म्हणत नाही. २००७ मध्ये निन्टेन्डोच्या डीएस या दोन स्क्रीनच्या मशीनवर आलेला द वर्ल्ड एंड्स विथ यू बघा, त्यात तुमचे हल्ले म्हणजे पिन्स असतात आणि गेम बंद करून ठेवलात तर त्या बंद काळाचेही पॉइंट पिन्सना मिळतात, अगदी सात दिवसांपर्यंतचे, म्हणजे न खेळल्याबद्दल गेम बक्षीस देतो. डीएसनंतरच्या थ्रीडीएसवरच्या ब्रेव्हली डिफॉल्टमध्ये नोरेंडे नावाचं उद्ध्वस्त गाव परत उभं करायचं असतं आणि ते काम मशीन स्लीपमध्ये असतानाही चालू राहतं. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये १९९९ मध्येच खरं घड्याळ होतं, लॅप्रस हवा असेल तर शुक्रवारीच युनियन केव्हमध्ये जायचं आणि किडे पकडायची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारीच भरते. असा गेम एका शनिवार-रविवारी संपवायला बसलं तर त्याची निम्मी मजा तिथेच जाते.

आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: एकच गेम निवडा, यादी करत बसू नका

लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात. पंधरा गेम गोळा करायचे, प्रत्येकाचा पहिला अर्धा तास बघायचा आणि कशातच मन लागत नाही म्हणायचं. जेआरपीजीचा पहिला अर्धा तास हा बहुतेक वेळा त्या गेमचा सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो, हिरो झोपेतून उठतो, गावात फिरतो, कोणीतरी त्याला कुठेतरी पाठवतं, त्यामुळे पंधरा सुरुवाती बघणं म्हणजे पंधरा वेळा कंटाळा विकत घेणं. एक घ्या आणि तोच लावून धरा.

कुठला घ्यायचा ते तुमच्या सवयीवर आहे. टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायची) लढाई कधीच खेळला नसाल आणि नुसतं मेनूतून ॲटॅक निवडत बसणं जमेल का अशी शंका असेल तर मी डोळे मिटून मारिओ अँड लुइजी: सुपरस्टार सागा सांगतो, २००३ चा, जीबीएवरचा (गेम बॉय ॲडव्हान्स). एका बटनावर मारिओ, एकावर लुइजी, आणि शत्रूचा हल्ला नेमक्या वेळी उडी मारून चुकवता येतो, म्हणजे टर्न शत्रूचा असला तरी तुमचे हात मोकळे बसत नाहीत. विनोद चांगला आहे, शत्रू नकाशावर समोर दिसतात त्यामुळे दर चार पावलांवर अचानक लढाई नाही, आणि साधारण वीसेक तासांत संपतो.

गोष्टीसाठी खेळायचं असेल तर क्रोनो ट्रिगर. मूळचा १९९५ चा, टीव्हीला जोडायच्या सुपर फॅमिकॉम मशीनचा गेम, पण २००८ ची डीएस आवृत्ती छोट्या स्क्रीनवर इतकी फिट बसते की तो हँडहेल्डसाठीच केलाय असं वाटावं. वर्ल्ड मॅपवर कुठेही सेव्ह होतो, उगाच ग्राइंड (लेव्हल वाढवायला त्याच त्या लढाया) करावा लागत नाही, आणि गोष्ट एका जागी रेंगाळत नाही. सुरुवातीला सेटिंगमध्ये बॅटल मोड ॲक्टिव्ह की वेट असं विचारतात, तिथे नव्या माणसाने वेट घ्यावा, म्हणजे तुम्ही मेनूत टेक्निक शोधत असताना शत्रू थांबून राहतो.

कोडी आवडत असतील तर गोल्डन सन, २००१, कॅमलॉट कंपनीचा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नवी माणसं हा गेम सोडून देताना मी खूप बघितलीत आणि दर वेळी कारणं तीच असतात. पहिलं म्हणजे सुरुवातीला पात्रं फार बोलतात, फारच, ते सहन करायचं. दुसरं म्हणजे यात जादूला सायनर्जी म्हणतात आणि ती लढाईबाहेर पण वापरायची असते, खांब ढकलायला मूव्ह, रोपटं वाढवून वर चढायला ग्रोथ, समोरच्याच्या मनातलं वाचायला माइंड रीड, आणि ते माइंड रीड कुत्र्यांवर पण चालतं, जरूर करून बघा. वाट अडली की लेव्हल कमी पडतेय असं समजून मागे फिरू नका, बहुतेक वेळा समोरच्या खोलीत कुठली तरी सायनर्जी वापरायची राहिलेली असते. तिसरं म्हणजे लढाईतला एक नियम जो गेम नीट समजावून सांगत नाही: चौघांना एकाच शत्रूवर सोडलं आणि तो पहिल्याच फटक्यात मेला तर उरलेले तिघे दुसऱ्याकडे वळत नाहीत, नुसते बचाव करत उभे राहतात आणि टर्न वाया जातो. म्हणून हल्ले वाटून द्यायचे. हे एकदा कळलं की गेम एकदम वेगळा वाटायला लागतो. आणि चौथं, जिन नावाचे छोटे प्राणी मिळतात ते सेट करून ठेवलेत तर पात्रांची ताकद आणि क्लास वाढतो, आणि वापरून स्टँडबायवर नेलेत तर समन (मोठी शक्ती बोलावून हल्ला) करता येतं पण तेवढा वेळ पात्रं कमजोर होतात, त्यामुळे बॉससमोर (मोठ्या शत्रूसमोर) सगळे जिन एकदम उधळायच्या आधी थोडा विचार करायचा.

डावपेच आवडणाऱ्यांनी २००३ मध्ये जपानबाहेर आलेला जीबीएचा फायर एम्ब्लेम घ्यावा, सुरुवातीचा लिन या पात्राचा भाग अक्षरशः शिकवणी आहे. मेलेलं पात्र परत येत नाही हे ऐकून लोक घाबरतात, पण पहिल्यांदा खेळताना एक-दोन माणसं गमावून पुढे जायला काहीच हरकत नाही, गेम त्याची सोय ठेवून नवी माणसं देत राहतो.

आणि पोकेमॉन. आधी कधीच खेळला नसाल तर १९९६ च्या रेड-ग्रीनऐवजी त्याचाच २००४ चा रीमेक, फायररेड किंवा लीफग्रीन. मूळ गेमला इतिहासात जागा आहे, पण त्यात असे बग आहेत की नवा माणूस गोंधळेल, उदाहरणार्थ सायकिक पोकेमॉन भुतांना घाबरतात असं गेममधलंच एक पात्र सांगतं आणि प्रत्यक्षात त्या मूळ गेममध्ये घोस्ट हल्ल्याचा सायकिकवर काहीही परिणाम होत नाही.

सुरुवातीला काय घेऊ नये तेही सांगतो. १९८९ चा द फायनल फँटसी लेजंड, जपानमध्ये माकाई तोशी सागा. गेम बॉयवरचा पहिला आरपीजी, स्क्वेअर कंपनीचा दहा लाखांवर विकला गेलेला पहिला गेम, आकितोशी कावाझू यांचा. मला तो मनापासून आवडतो, पण त्यात तलवारी ठरावीक वेळा वापरल्या की मोडतात, माणसं औषधं पिऊन वाढतात, म्युटंट स्वतःच्या मर्जीने बदलतात आणि राक्षस मेलेल्या शत्रूचं मांस खाऊन भलत्याच राक्षसात बदलतो, कधी चांगल्या तर कधी वाईट. दोन-तीन जेआरपीजी झाल्यावर हे सगळं भन्नाट वाटतं, पहिल्याच गेममध्ये नाही. तसंच २००७ चा एट्रियन ओडिसी, ज्यात डीएसच्या खालच्या स्क्रीनवर स्टायलसने नकाशा तुम्ही स्वतः काढायचा असतो. हाही दुसरा किंवा तिसरा गेम म्हणून ठेवा.

पायरी २: कशावर खेळणार ते ठरवा

तीन रस्ते आहेत आणि तिन्ही ठीक आहेत, अमुकच खरा असं काही नाही.

पहिला, नव्या मशीनवर अधिकृत आवृत्ती. हा सगळ्यात सोपा. निन्टेन्डोच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनमध्ये २०२३ पासून गेम बॉय आणि जीबीएचे गेम आहेत, त्यातले जीबीएचे वरच्या प्लॅनमध्ये, आणि सुपरस्टार सागा, फायर एम्ब्लेम, गोल्डन सनचे दोन्ही भाग तिथे आहेत. लेजंडचे तिन्ही भाग एका कलेक्शनमध्ये मिळतात. द वर्ल्ड एंड्स विथ यू निन्टेन्डोच्या स्विचवर आला, पर्सोना थ्री पोर्टेबल २०२३ मध्ये जवळपास सगळीकडे आला, एट्रियन ओडिसीचे पहिले तीन भाग त्याच वर्षी एचडीत आले, क्रोनो ट्रिगर पीसी आणि मोबाइलवर आहे. आधी इथे शोधा, नाही सापडलं तरच पुढे जा.

दुसरा, जुनं मशीन. कुठल्या मशीनवर काय चालतं हे नीट समजून घ्या, कारण इथे पैसे वाया जातात. जीबीए आणि जीबीए एसपीवर गेम बॉय, गेम बॉय कलर आणि जीबीए तिन्ही चालतात. पहिला डीएस आणि डीएस लाइट यांच्यावर जीबीएची कार्ट्रिज चालतात पण गेम बॉयची नाहीत, आणि दोन मशीन जोडायच्या लिंक केबलला जागा नसल्यामुळे जीबीएच्या गेममधली देवाणघेवाणही होत नाही. डीएसआयपासून जीबीएचा स्लॉटच काढून टाकला. थ्रीडीएसवर डीएसचे गेम चालतात. गेम बॉय, जीबीए, डीएस आणि सोनीच्या पीएसपीच्या गेम्सना रीजन लॉक (एका प्रदेशाचा गेम दुसऱ्या प्रदेशाच्या मशीनवर न चालणं) नाही, थ्रीडीएसला आहे, त्यामुळे दुसऱ्या रीजनचा थ्रीडीएस गेम स्वस्त दिसला तरी थांबा. आणि रीजन लॉक नसला तरी भाषा कार्ट्रिजमध्ये असते तीच राहणार, जपानी कार्ट्रिज दुसऱ्या देशातल्या मशीनमध्ये घातलं म्हणून इंग्रजी होत नाही. थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली, त्यामुळे नवीन माणसासाठी आता तिथे फक्त कार्ट्रिजचाच पर्याय आहे.

माझी निवड विचाराल तर डीएस लाइट. एकाच मशीनमध्ये जीबीए आणि डीएस अशा दोन पिढ्यांची लायब्ररी, स्क्रीनला चांगला प्रकाश, आणि डीएसचा गेम चालू असताना झाकण मिटलं की मशीन झोपतं, उघडलं की तिथूनच पुढे. पीएसपी घ्यायचा तर डिस्कचा स्लॉट असलेला, पीएसपी गो नको कारण त्यात यूएमडी डिस्क घालायची सोयच नाही. घेताना बॅटरीचं झाकण उघडून बघा, जुन्या पीएसपी बॅटऱ्या फुगतात आणि फुगलेली बॅटरी अजिबात चार्ज करायची नाही, ती काढून रीतसर बॅटरी कचऱ्यात द्यायची.

तिसरा रस्ता एम्युलेटरचा, म्हणजे फोन किंवा पीसीवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या ॲपचा. स्वतःच्या मालकीच्या कार्ट्रिजमधून स्वतः काढलेली कॉपी खेळावी, कुठूनतरी उतरवलेली फाइल नाही, आणि याबाबत आपापल्या देशाचा कायदा बघून घ्यावा. जपानबाहेर कधीच न आलेल्या गेम्ससाठी हा रस्ता फार मोलाचा आहे, २००६ चा मदर थ्री आजतागायत अधिकृतपणे इंग्रजीत आलेला नाही आणि जगभरातले लोक तो चाहत्यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या भाषांतरामुळे खेळू शकले.

पायरी ३: स्क्रीन नीट लावा

ही पायरी लोक टाळतात आणि मग जुने गेम दिसायला घाण असतात म्हणतात. गेम बॉयची स्क्रीन १६० गुणिले १४४ पिक्सेलची, जीबीएची २४० गुणिले १६०. ही एवढीशी इमेज मोठ्या स्क्रीनवर कशीही ताणली तर काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात आणि अक्षरं थरथरल्यासारखी दिसतात. सेटिंगमध्ये इंटिजर स्केल (इमेज पूर्ण पटीतच मोठी करणं) असेल तर चालू करा, कडेला काळी पट्टी राहील, राहू दे. स्मूथिंगचे फिल्टर बंद करा.

जीबीएचे रंग हा वेगळाच विषय आहे. २००१ च्या पहिल्या जीबीएच्या स्क्रीनला स्वतःचा प्रकाशच नव्हता, दिवा किंवा खिडकी शोधून तिरकं बसावं लागायचं, म्हणून बऱ्याच गेम्सचे रंग मुद्दाम उजळ आणि फिके ठेवले. तेच गेम आजच्या चकचकीत स्क्रीनवर धुतल्यासारखे पांढरट दिसतात. कलर करेक्शनचा पर्याय मिळाला तर तो लावा, दोन मिनिटं अंधारं वाटेल, मग जंगलाचा हिरवा खरंच हिरवा दिसायला लागेल. गोल्डन सनमधली एखादी गुहा दोन्ही प्रकारे बघा, फरक लगेच डोळ्यात भरतो.

डीएसचे गेम फोनवर खेळताना दोन स्क्रीन एकाखाली एक ठेवा, फोन उभा धरून. शेजारी शेजारी ठेवले की नजर सारखी चुकते.

पायरी ४: जुनं कार्ट्रिज घेत असाल तर

पोकेमॉन, गोल्डन सन, फायर एम्ब्लेम यांची नकली कार्ट्रिज भरपूर फिरतात आणि नकलीतला खरा त्रास दिसण्याचा नाही, सेव्हचा आहे, वीस तास खेळल्यावर एक दिवस सेव्ह गायब. त्यामुळे विकणाऱ्याकडून पुढचा, मागचा आणि खालच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो मागा. खऱ्या जीबीए कार्ट्रिजमध्ये खालच्या फटीतून बघितलं तर सोनेरी पिनांच्या वर बोर्डवर निन्टेन्डो असं छापलेलं दिसतं. लेबलवर बारीक दाबून उमटवलेला आकडा असतो, तिरक्या प्रकाशात दिसतो. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो, साधा चौफुली स्क्रू दिसला तर कोणीतरी उघडलंय किंवा माल नकली आहे. पोकेमॉन हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरची खरी कार्ट्रिज काळपट असतात आणि उजेडासमोर धरली की थोडी आरपार दिसतात, साधी राखाडी, अजिबात आरपार न दिसणारी मिळाली तर नको.

मग आतली बॅटरी. गेम बॉयच्या जमान्यात बहुतेक सेव्ह कार्ट्रिजमधल्या छोट्या चपट्या सेलवर टिकायचा, सेल मेला की सेव्ह गेला. पंचवीस-तीस वर्षं जुना सेल आज चालतोय म्हणून उद्या चालेलच असं नाही, त्यामुळे जुना सेव्ह जपायचा असेल तर आधी त्याची कॉपी काढायचं साधन बघा आणि मगच सेल बदला, कारण सेल काढला की त्यातला सेव्ह पुसला जातो. पोकेमॉन रुबी-सफायरचं मात्र वेगळं आहे, तिथे सेलवर फक्त घड्याळ चालतं, सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, म्हणून गेम सुरू होताना आतली बॅटरी संपली असा मेसेज आला तरी घाबरायचं कारण नाही, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी तेवढ्या थांबतील.

कार्ट्रिज लागत नसेल तर तोंडाने फुंकर मारायची नाही, आत ओलावा शिरून पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मग घाला.

पायरी ५: पहिले दोन-तीन दिवस

मॅन्युअल शोधून वाचा, स्कॅन मिळाली तरी चालेल. त्या काळात अर्धी माहिती मॅन्युअलमध्ये असायची आणि गेम गृहीत धरायचा की तुम्ही ती वाचलीय. मग सेटिंगमध्ये जाऊन मजकुराचा वेग सगळ्यात जलद करा, आणि लढाईतले ॲनिमेशन सुरुवातीला चालूच ठेवा.

गावात शिरलात की सगळ्यांशी बोला. हा सल्ला सगळे देतात पण कारण कोणी सांगत नाही, कारण असं की या गेम्समध्ये पुढच्या बॉसची कमजोरी, लपलेली वाट, कुठल्या दिशेने जायचं हे सगळं गावातल्या कुठल्यातरी म्हातारीच्या तोंडी दिलेलं असतं, वेगळा क्वेस्ट मार्कर नाही. ट्रेल्स इन द स्काय खेळलात तर तिथे मोठी घटना घडली की गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं बोलणं बदलतं, आणि आधी मुलाशी भांडणारा बाप दोन तासांनी काय म्हणतो ते बघायला परत जावंसं वाटतं. पीएसपीवर तो २००६ मध्ये आला आणि सेव्ह कुठेही करता येत असल्यामुळे दहा मिनिटांच्या तुकड्यांत खेळायला फार सोयीचा आहे.

एक छोटी वही किंवा फोनमधली नोट ठेवा. खूप लिहायचं नाही, गेम बंद करताना एक ओळ, "उत्तरेच्या पुलावरचा माणूस किल्ली मागतोय, बर्फाचा बॉस आगीने". फायररेड-लीफग्रीनमध्ये सेव्ह उघडल्यावर मागच्या वेळी काय काय केलंत त्याची छोटी झलक दाखवतात, बाकी गेम्समध्ये ती सोय नाही, म्हणून आपली आपण करायची.

पायरी ६: लेव्हल, ग्राइंड आणि हरणं

बॉसकडून हरलात की लगेच लेव्हल वाढवायला पळू नका. आधी हे बघा: नवीन गावातून शस्त्र घेतलं का, बचाव वाढवणारी किंवा शत्रूला कमजोर करणारी जादू वापरली का, पार्टीतल्या (आपल्या चमूतल्या) सगळ्यांचा रोल ठरलाय का. जेआरपीजी नवीन असणारा माणूस सगळे टर्न हल्ल्यात घालवतो आणि विष, झोप, वेग कमी करणं असल्या जादू यादीत तशाच पडून राहतात. त्या वापरायला लागलात की निम्मा ग्राइंड कमी होतो.

तरीही ग्राइंड करावाच लागला तर तो दुसरं काहीतरी करता करता करायचा, गाणी ऐकत, पंधरा मिनिटं, बास. ब्रेव्हली डिफॉल्टमध्ये अचानक येणाऱ्या लढायांचं प्रमाण शून्यापासून दुपटीपर्यंत तुम्हालाच ठरवता येतं, गुहेत वाट शोधताना बंद करा आणि लेव्हल हवी तेव्हा वाढवा. एम्युलेटर किंवा नव्या आवृत्तीत फास्ट फॉरवर्ड असेल तर तो ग्राइंडसाठी बिनधास्त वापरा, पण गोष्टीच्या प्रसंगांना आणि बॉसच्या लढाईला नाही, कारण या गेम्सचं संगीत हा त्यांचा अर्धा जीव आहे आणि चौपट वेगात ते चिरकतं. रिवाइंडचं पण तसंच, चुकून बटन दाबलं गेलं तर वापरा, पण प्रत्येक टर्न हवा तसा पडेपर्यंत मागे जात राहिलात तर लढाईत काही उरतच नाही.

ड्रॅगन क्वेस्टमध्ये अख्खी पार्टी मेली तर गेम ओव्हर नसतो, चर्चमध्ये उठता, निम्मे पैसे जातात पण मिळवलेला अनुभव तसाच राहतो. म्हणजे हरणं हा तिथे नुकसानीचा सौदा नाही, पैसे बँकेत ठेवा आणि धाडस करा. २००९ चा ड्रॅगन क्वेस्ट नाइन खेळणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यात सेव्ह स्लॉट एकच आहे, त्यामुळे जुन्या कार्ट्रिजमध्ये आधीच्या मालकाचा सेव्ह असेल तर तो पुसायच्या आधी थोडा बघा, कोणाचे शेकडो तास असू शकतात त्यात. त्या गेममधल्या ऑनलाइन दुकानातून रोज नवीन माल यायचा तो मात्र निन्टेन्डोची वाय-फाय सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली तेव्हापासून मिळत नाही.

पायरी ७: सेव्हची शिस्त

जिथे दोन-तीन स्लॉट आहेत तिथे कमीत कमी दोन आलटून पालटून वापरा. हे का म्हणतोय त्याचं सगळ्यात कडू उदाहरण फायनल फँटसी टॅक्टिक्स, पीएसपीवर २००७ मध्ये वॉर ऑफ द लायन्स नावाने आलेला. त्यात रिओव्हानेस किल्ल्यात लागोपाठ लढाया आहेत आणि मधे गेम तुम्हाला सेव्ह करू का विचारतो. तिथे हो म्हणून एकमेव स्लॉटवर सेव्ह केलंत आणि पुढच्या लढाईत विग्राफ या शत्रूशी एकट्या रॅमझाची (आपल्या नायकाची) गाठ पडली, आणि रॅमझा कच्चा असला, तर मागे जाऊन लेव्हल वाढवायला वाटच नाही, अख्खा गेम तिथे अडकतो. किल्ल्यात शिरायच्या आधीचा सेव्ह वेगळ्या स्लॉटमध्ये असला की काही प्रश्न नाही.

एम्युलेटरवर खेळणाऱ्यांनी सेव्ह स्टेटवर (ॲपने त्या क्षणाची ठेवलेली नोंद) सगळा भार टाकू नये. ॲप अपडेट झालं, फोन बदलला की स्टेट उघडेलच असं नाही, गेमच्या आतला खरा सेव्ह मात्र सहसा सगळीकडे चालतो. उठायच्या वेळी आतला सेव्ह करा, अधल्यामधल्या अडचणीला स्टेट. जीबीएच्या फायर एम्ब्लेममध्ये तर प्रत्येक चालीनंतर गेम स्वतःच नोंद ठेवतो, लढाईच्या मधे मशीन बंद झालं तरी त्याच चालीपासून पुढे येता.

पायरी ८: गाइड कधी बघायचा

वीस मिनिटं फिरूनही वाट सापडत नसेल तर बघा, लाज कसली. पण तेवढाच परिच्छेद वाचा आणि बंद करा. शेजारी गाइड उघडा ठेवून पाऊल पाऊल त्याप्रमाणे चालणं मला पटत नाही, कारण मग तुम्ही गुहा बघतच नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे बघता. पोकेमॉनमध्ये कुठला प्रकार कुठल्यावर भारी तो तक्ता मात्र खुशाल उघडा ठेवा, ते सगळं पाठ करायची गरज नाही.

मधे महिनाभर सुटला तर

हे होणारच. अशा वेळी नवीन सेव्ह सुरू करू नका, सुरुवातीचे तेच तीन तास परत खेळून माणूस परत तिथेच सोडतो. जुना सेव्ह उघडा, मेनूत जाऊन प्रत्येक पात्राची जादू एकदा वाचा, वहीतली शेवटची ओळ बघा, शेवटच्या गावात परत जाऊन लोकांशी बोला आणि सोप्या जागी पाच-सहा लढाया करा. पंधरा मिनिटांत हात परत बसतो. आपण कोणाला काय दिलं होतं तेच आठवत नसेल तर सगळ्यांची शस्त्रं काढून परत चढवा, त्यात सगळी सामग्री नजरेखालून जाते.

पहिला गेम संपल्यावर

लगेच त्याचाच पुढचा भाग घ्यावा असं नाही, पण गोल्डन सन याला अपवाद आहे. २००२ चा लॉस्ट एज ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे आणि पहिल्या गेममधली तुमची पार्टी, लेव्हल आणि वस्तूंसकट त्यात नेता येते, लिंक केबलने किंवा पासवर्डने. सगळ्या वस्तू न्यायच्या तर तो पासवर्ड २६० अक्षरांचा आहे, म्हणून स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, आणि पहिल्या गेमचा शेवटचा क्लिअर सेव्ह पुसू नका, कारण पासवर्ड त्यातूनच निघतो.

सुपरस्टार सागा झाला असेल तर क्रोनो ट्रिगरकडे जा, क्रोनो ट्रिगर झाला असेल तर पीएसपीकडे वळून ट्रेल्स किंवा पर्सोना थ्री पोर्टेबल घ्या, त्यात मूळच्या २००६ च्या आवृत्तीत नसलेली एक मोठी सोय आहे, पार्टीतल्या प्रत्येकाला हुकूम तुम्ही स्वतः देऊ शकता. फायर एम्ब्लेम आवडला असेल तर टॅक्टिक्सकडे, दोन स्लॉट वापरून. आणि मग कधीतरी तो १९८९ चा लेजंड उघडा, एक माणूस, एक म्युटंट आणि दोन राक्षस घेऊन, आणि राक्षसाला समोर येईल ते मांस खाऊ घाला.